सायकलच्या टायरसाठीची सीओटू कार्ट्रिज विमानातून नेता येतात का?

घाटवाट
सायकल बॉक्समध्ये भरून चेक-इन करायची आहे. एकाच तिकिटावर दोन टप्पे आहेत, पण दोन्ही टप्प्यांना वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं आहेत. सॅडल बॅगेत १६ ग्रॅमची आटेवाली चार सीओटू कार्ट्रिज (दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरलेली स्टीलची छोटी नळकांडी) आणि ती टायरच्या वाल्व्हला जोडायचं इन्फ्लेटर हेड असतं. टायर ७०० × २८, आत ट्यूब.

पहिल्या कंपनीच्या साइटवर एका पानावर ‘दाबाखालच्या वायूचे सिलिंडर चालणार नाहीत’ असं सरसकट लिहिलंय. त्याच साइटवरच्या धोकादायक वस्तूंच्या तक्त्यात मात्र ‘छोटी कार्ट्रिज, परवानगीने’ असं आहे. दुसऱ्या कंपनीचं सायकलसाठी वेगळं पान आहे, त्यात कार्ट्रिजचा उल्लेखच नाही. इकडेतिकडे विचारलं तर कुणी म्हणतं बिनधास्त टाका, कुणी म्हणतं उंचीवर फुटतात. शिवाय ‘माणशी अडीच किलो सीओटू चालतो’ असंही कुठेतरी वाचलं.

नियम नेमका काय आहे? न्यायची तर चेक-इनमध्ये की केबिनमध्ये? नुसत्या इन्फ्लेटर हेडलाही हरकत घेतात का? आणि नाहीच नेता आली, तर पंक्चरसाठी सोबत काय ठेवावं?

सामानसुमान
तुम्हाला दिसलेली दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर आहेत. सरसकट बंदी हा मूळ नियम आणि छोटी कार्ट्रिज हा त्याला केलेला अपवाद. अपवाद आपोआप लागू होत नाही, मागून घ्यावा लागतो. गोंधळ तिथेच होतो.

नियमाचं मूळ आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, तांत्रिक सूचनांमध्ये आहे. विमान कंपन्या रोज वापरतात ती आयाटाची (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची) धोकादायक वस्तूंची नियमावली, त्यातला तक्ता २.३.ए. प्रवाशाने स्वतःबरोबर काय न्यावं, कुठल्या बॅगेत, आणि कोणाला विचारून, हे सगळं त्या एका तक्त्यात येतं. छोट्या वायू कार्ट्रिजच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात एक मिसळू नका.

पहिली गोष्ट अंगावर घालायच्या, आपोआप फुगणाऱ्या सुरक्षा साधनांची, म्हणजे लाइफ जॅकेट वगैरे. साधनात बसवलेली दोन आणि सुटी दोन. सायकल चालवताना घालायचं एअरबॅगचं जॅकेट असेल तर ते याच खात्यात जातं. टायरची कार्ट्रिज या खात्यात येत नाहीत, त्यामुळे ‘दोन अधिक दोन’ हा हिशेब तुम्हाला लागू नाही.

दुसरी गोष्ट ‘इतर उपकरणां’ची. टायरचा इन्फ्लेटर इथे येतो. इथे माणशी जास्तीत जास्त चार कार्ट्रिज, प्रत्येकाची जलधारणक्षमता ५० मिलिलिटरपर्यंत, आत कार्बन डायऑक्साइड किंवा वर्ग २.२ मधला (ज्वालाग्राही नसलेला, बिनविषारी), दुसरा कुठलाही उपधोका, म्हणजे जोडीचा धोका, नसलेला वायू. चेक-इन आणि केबिन दोन्हीकडे चालतं, पण अट एकच: ऑपरेटरची मंजुरी. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत (४९ सीएफआर १७५.१०) हीच तरतूद जवळजवळ याच शब्दांत आहे.

आता ही ५० मिली म्हणजे काय? कार्ट्रिज रिकामं करून काठोकाठ पाणी भरलं तर किती मावेल, ते माप. वायूचं वजन वेगळं. नियमात सोयीसाठी ५० मिली म्हणजे २८ ग्रॅम सीओटू असं धरलेलं आहे. त्यामुळे १२, १६, २०, २५ ग्रॅम बसतात. फॅट टायरवाले वापरतात ते ३८ ग्रॅमचं बसत नाही, मग एकच असलं तरी. तुमच्या १६ ग्रॅमवाल्यात साधारण २१-२२ मिली पाणी मावतं, म्हणजे मापाची अडचण नाही. चार ही संख्याही बरोबर मर्यादेवर आहे, पाचवं सॅडल बॅगेच्या तळाशी राहिलेलं नाही ना ते बघा.

अडीच किलोवालं प्रकरण ड्राय आइसचं आहे. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, तो नाशवंत माल थंड ठेवायला लागतो आणि त्याची वाफ बाहेर जाईल असं पॅकिंग करावं लागतं. तक्त्यात त्याची ओळ वेगळी आहे. रासायनिक नाव एक असलं म्हणून ती मर्यादा कार्ट्रिजला लावता येत नाही.

तिरका गिअर
एवढं कशाला? बॉक्समध्ये बुटाच्या आत कोंबा आणि विसरून जा. चेक-इनमध्ये कोण बघतंय.

स्पोकवाली
@तिरका गिअर, चेक-इनच्या सामानाचाही एक्स-रे होतो. आणि जाड भिंतीची, बाटलीच्या आकाराची स्टीलची चार नळकांडी ही एक्स-रेवर दिसायला सगळ्यात सोपी वस्तू आहे. बुटात कोंबली तर उलट लपवल्यासारखी दिसतात.

पकडल्यावर काय होतं तेही बघा. बॉक्स उघडला जातो, बहुतेक वेळा तुमच्या गैरहजेरीत. आत काय कशाला टेकवलंय हे उघडणाऱ्याला माहीत नसतं. फोर्कच्या टोकांमध्ये बसवलेला प्लॅस्टिकचा अडसर पडतो, मागच्या डिरेलरभोवतीचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाभोवतीचा) फोम सुटतो, पुन्हा बंद करताना चाक फ्रेमवर आडवं येतं. कार्ट्रिज गेली हे नुकसान किरकोळ. डिरेलर हँगर वाकला तर पहिल्याच दिवशी गिअर नीट पडत नाहीत, आणि तपासणीत वेळ गेला तर बॉक्स त्या विमानात चढतच नाही. शिवाय चेक-इन करताना धोकादायक वस्तू नाहीत असं आपण कबूल केलेलं असतं, ते खोटं ठरतं.

सुरक्षा तपासणीवाल्याची बाजूही समजून घ्या. पडद्यावर त्याला आकार आणि धातू दिसतो, वायू दिसत नाही. क्रीम फेटायच्या नायट्रस ऑक्साइडच्या कुप्या अगदी अशाच दिसतात. तो वायू वर्ग २.२ मध्येच आहे, पण त्याला ऑक्सिडायझर (आगीला जोर देणारा) हा उपधोका आहे, म्हणून तो या अपवादात येत नाही. ‘उपधोका नसलेला’ हे शब्द नियमात आहेत ते अशाच वायूंसाठी. स्टोव्हची ब्यूटेनची कार्ट्रिज तर ज्वालाग्राही, ती कुठल्याच बॅगेत नाहीत. त्यामुळे आत नक्की काय आहे हे लेबल दाखवून सिद्ध करायची जबाबदारी आपलीच.

बिनट्यूब
उंचीवर फुटण्याची भीती एकदा निकालात काढू.

कार्ट्रिजमध्ये सीओटू द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. २० अंश सेल्सिअसला आतला दाब साधारण ५७ बार असतो. प्रवासी जेटमध्ये सामानाचा भागही केबिनसारखाच दाबयुक्त असतो. विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीइतका, म्हणजे पाऊण बारच्या आसपास राखतात. जमिनीवर एक बार, वर पाऊण बार. फरक पाव बारचा. ५७ बार झेलणाऱ्या स्टीलच्या भिंतीला पाव बार म्हणजे काहीच नाही.

खरा शत्रू उष्णता आहे. सीओटूचं क्रांतिक तापमान ३१.१ अंश. त्याच्या वर द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही, आणि ठासून भरलेल्या कार्ट्रिजमध्ये पुढच्या प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. म्हणून विमानतळावर जाताना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं कार्ट्रिज हे विमानातल्या कार्ट्रिजपेक्षा जास्त धोक्याचं. विमान कंपनीला चिंता असते ती आगीची. सामानात दुसऱ्या कशाने आग लागली, तर तापलेलं कार्ट्रिज फुटतं किंवा मान सुटून उडतं. मग प्रवाशामागे दहा-दहा कार्ट्रिज कोणाला नकोच असतात. संख्या आणि माप दोन्हीवर मर्यादा आहे ती यासाठी.

याच पाव बारच्या हिशेबाने टायरचंही बघा. ८५ पीएसआयचा टायर (पीएसआय हे दाबाचं दुसरं एकक, एक बार म्हणजे साधारण साडेचौदा) वर गेल्यावर जेमतेम ८९ होईल. फुटायचा प्रश्न नाही. तरीही बऱ्याच कंपन्या हवा कमी करायला सांगतात, तेव्हा काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवत बसू नका, कमी करा. फक्त पूर्ण काढू नका. ट्यूबलेस असेल तर पूर्ण हवा काढल्यावर टायरची कड रिमवरून सुटते, सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारा आतला द्रव) बॉक्सभर होतं, आणि मुक्कामी पोचल्यावर ती कड पुन्हा बसवायला नेमकं ते कार्ट्रिजच हवं असतं जे तुम्ही आणलेलं नाही. २० पीएसआयच्या आसपास राहू द्या, रिमही आदळण्यापासून वाचते.

घाटवाट
फारच उपयोगी. आता मंजुरी मागायची कशी? ग्राहक सेवेला फोन केला तर पलीकडची व्यक्ती ‘सायकल चालेल’ एवढंच सांगते.

सामानसुमान
फोनवरच्या होकाराला काउंटरवर किंमत नाही. लेखी हवं, ईमेल किंवा बुकिंगमध्ये टाकलेली नोंद, शक्यतो दोन्ही.

मेलमध्ये विशेषणं नकोत, आकडे हवेत. बुकिंग क्रमांक, दोन्ही उड्डाणांचे क्रमांक आणि तारखा. वस्तू: सायकलचा टायर फुगवायच्या उपकरणासाठी छोटी वायू कार्ट्रिज, न भोसकलेली. वायू कार्बन डायऑक्साइड, यूएन १०१३ (धोकादायक वस्तूंच्या यादीतला त्याचा क्रमांक), वर्ग २.२, उपधोका नाही. संख्या चार, प्रत्येकी १६ ग्रॅम, जलधारणक्षमता प्रत्येकी ५० मिलीपेक्षा कमी. चेक-इनच्या सामानात. तक्ता २.३.ए मधल्या ‘इतर उपकरणे’ या तरतुदीखाली मंजुरी हवी आहे. शेवटी कार्ट्रिजच्या छापील बाजूचा स्पष्ट फोटो. ‘सीओटू सिलिंडर’ हा शब्द टाळा. सिलिंडर म्हटलं की समोरच्याला डायव्हिंगची टाकी दिसते आणि ठरलेला नकार येतो. ग्राहक सेवेच्या मेलला उत्तर आलं नाही तर धोकादायक वस्तूंच्या विभागाकडे पाठवा अशी त्याच मेलमध्ये विनंती करा.

दोन गोष्टींवर लोक हमखास अडकतात.

एक, ऑपरेटर म्हणजे प्रत्यक्ष विमान उडवणारी कंपनी. तिकीट विकणारी नव्हे. कोडशेअर असेल तर तिकिटावर बारीक अक्षरात ‘संचालन अमुक’ लिहिलेलं असतं, मंजुरी तिची हवी. तुमच्या बाबतीत दोन कंपन्या, म्हणजे दोन मंजुऱ्या. एकीने हो आणि दुसरीने नाही म्हटलं तर उत्तर ‘नाही’. परतीची उड्डाणं त्याच मेलमध्ये घाला, नाहीतर पत्र जातानापुरतंच ठरेल.

दोन, विमान कंपनीची मंजुरी म्हणजे सुरक्षा तपासणीची मंजुरी नव्हे. तपासणी नाका वेगळ्या यंत्रणेचा, त्यांची यादी वेगळी, आणि तिथे शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा. तक्त्यात केबिनलाही होकार असला तरी केबिन बॅगेत नेऊ नका, कारण तिथे प्रत्येक ट्रान्झिटला तपासणी नव्याने होऊ शकते आणि दुसऱ्या ठिकाणी पहिलीकडचं पत्र कुणी वाचेलच असं नाही.

कंपनी तक्त्यापेक्षा कडक नियम करू शकते. काही कंपन्या ही कार्ट्रिज मुळातच घेत नाहीत. तसं उत्तर आलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

पॅकिंग: कार्ट्रिज इन्फ्लेटरमध्ये फिरवून बसवू नका. बऱ्याच हेडमध्ये शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात पिन मानेवरची पातळ धातूची टोपी भोसकते, आणि मग ५७ बार एका छोट्या ओ-रिंगच्या भरवशावर राहतो. चारही सुटी, पारदर्शक पिशवीत, टोपीच्या बाजूला टोकदार अवजार येणार नाही अशी. हात भाजू नये म्हणून फोमची किंवा रबरी खोळ असते ती काढा. वायूचं नाव आणि वजन नेमकं तिच्याखाली झाकलं जातं. मंजुरीची छापील प्रत पिशवीतच घाला आणि पिशवी बॉक्स उघडल्यावर पहिली दिसेल अशी वर ठेवा, म्हणजे खालच्या पॅडिंगला हात लागत नाही.

हेडमध्ये वायू नसतो, नियमाची हरकत नाही. पण ते कार्ट्रिजचं जोडीदार म्हणून ओळखू येतं आणि ‘बाकीचं कुठेय?’ हा प्रश्न येतो. तेही चेक-इनमध्येच टाका.

स्पोकवाली
मंजुरी मिळाली तरी पंप घ्याच. नाही मिळाली तर पंपावर काहीही अडत नाही.

२८ मिमीच्या टायरमध्ये सव्वा लिटरच्या आसपास जागा असते. १६ ग्रॅम सीओटू मोकळा झाला की पावणेनऊ लिटरच्या आसपास होतो. म्हणजे काहीही वाया न घालवता ८५ पीएसआयच्या जवळपास, आणि वाल्व्हवर हेड तिरकं लागून थोडा निसटला तर त्याहून कमी. एका पंक्चरला एक कार्ट्रिज, दुसरा प्रयत्न नाही. हँडपंपच्या एका फटक्यात ४० मिली हवा जात असेल तर तेवढ्याच दाबाला दोनशेहून जास्त फटके. कंटाळवाणं आहे, पण पंप संपत नाही. वाल्व्हची मान वाकू नये म्हणून लवचीक नळीवाला घ्या.

रुंद टायरवाल्यांसाठी: ४० मिमीच्या ग्रॅव्हल टायरला १६ ग्रॅममध्ये ३५-४० पीएसआय मिळतो, चालून जातं. २९ × २.२ ला तेवढ्यात विसाच्याही खाली राहतो, तिथे २५ ग्रॅम लागतं.

छोटा इलेक्ट्रिक पंप हा तिसरा पर्याय. त्यात वायू नाही, पण लिथियम बॅटरी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ७.४ व्होल्ट आणि ६०० एमएएच असेल तर ४.४ वॅट-अवर. मर्यादा १०० ची, म्हणजे कुठेच अडत नाही. तो केबिन बॅगेत ठेवा आणि बटण चुकून दाबलं जाणार नाही असं बघा. सुटी बॅटरी असेल तर ती केबिनमध्येच, चेक-इनमध्ये अजिबात नाही.

आणि सॅडल बॅग पूर्ण रिकामी करून बघा. कार्ट्रिजच्या नादात लोक पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब विसरतात. बहुतेक सोल्युशनमध्ये ज्वालाग्राही द्रावक असतो, ते कुठल्याच बॅगेत चालत नाही, आणि त्याला परवानगीचा मार्गही नाही. बिनगोंदाचे चिकट पॅच घ्या. चेन साफ करायचा ज्वालाग्राही स्प्रे आणि पंक्चर भरायचा फोमचा डबाही घरीच ठेवा. लॅटेक्स सीलंट चेक-इनमध्ये, केबिनमध्ये १०० मिलीची मर्यादा लागते. मल्टिटूल चेक-इनमध्येच.

घाटवाट
ठरलं. दोन्हीकडे मेल टाकतो, एकीकडूनही नकार आला तर पंप आणि बिनगोंदाचे पॅच. कार्ट्रिज तिथे पोचून विकत घ्यायची झाली तर काही बघावं लागतं का? आणि उरली तर?

बिनट्यूब
आटे बघा. सायकलच्या बहुतेक हेडना ३/८ इंच, २४ आट्यांची मान लागते, १६, २० आणि २५ ग्रॅममध्ये सहसा तीच असते. १२ ग्रॅममध्ये मात्र बिनआट्याची बरीच मिळतात, एअरगनवाली. ती फक्त कार्ट्रिज पूर्ण डब्यात बंद करणाऱ्या हेडमध्ये चालतात, उघड्या आट्यांच्या हेडला लागतच नाहीत. म्हणून स्वतःचं हेड घेऊनच दुकानात जा आणि एक-दोन आटे फिरवून बघा. पूर्ण आवळू नका, भोसकलं जाईल.

भरताना हातमोजा किंवा खोळ वापरा. वायू मोकळा होताना कार्ट्रिज इतकं थंड पडतं की बाहेर हिमकण धरतात आणि कातडी चिकटते. ट्यूबलेसमध्ये वाल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणून भरा, म्हणजे गार झोत थेट सीलंटच्या तळ्यात जाऊन त्याच्या गाठी होत नाहीत. सीओटू ब्यूटाइल रबरातून हवेपेक्षा बराच लवकर निसटतो. मुक्कामी पोचल्यावर तो सोडून पंपाने साधी हवा भरा, नाहीतर सकाळी टायर मऊ लागतो आणि पंक्चर शोधण्यात तास जातो.

उरलेली न वापरलेली तिथेच कुणा सायकलवाल्याला देऊन टाका. हवाई पार्सलने घरी पाठवू नका, टपालात ती धोकादायक वस्तूच असतात. वापरलेली रिकामी कार्ट्रिज स्टीलच्या भंगारात टाका. बॅगेत ठेवलीत तर एक्स-रेवर ती भरलेल्यासारखीच दिसतात, आणि टोपीवरचं भोक दाखवायला बॅग उघडावीच लागते.

सामानसुमान
परतीच्या बॅगेत भरलेलं एखादं राहणारच असेल तर मेलमधली संख्या आणि बॅगेतली संख्या जुळते का ते बघा. चारची मंजुरी आणि बॅगेत दोन, हे चालतं. १६ ग्रॅमची मंजुरी आणि बॅगेत तिथे घेतलेलं २५ ग्रॅमचं असेल, तर काउंटरवर ते पत्र निरुपयोगी. मापात बसत असलं तरी मंजुरी त्या वस्तूची नाही. शंका असेल तर पहिल्या मेलमध्येच ‘प्रत्येकी २५ ग्रॅमपर्यंत’ असं लिहून ठेवा.